धमाक्याआधीचे हात



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, ते सर मला पंधराव्या वर्षी भेटले, टेक्निकल शाळेच्या कर्मशाळेत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या एका हातात कानस दिली, दुसऱ्या हातात लोखंडाचा ठोकळा, आणि म्हणाले, ‘हा गुण्यात आण.’ एवढंच. दोन महिने मी तो ठोकळा घासत होतो. घासून झालं की सर तो खिडकीपाशी नेत, त्याला गुण्या लावत आणि उजेडाकडे धरत. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की ठोकळा माझ्याकडे परत. बोलणं नाही, रागावणं नाही. फक्त परत.

निमंत्रणपत्रिकेतला विषय वाचून मंडळातल्या दोघातिघांनी मला फोन केले. अमेरिकेतले बंदुका बनवणारे कारागीर, बंदुकांचे शौकीन, आणि टीव्हीवरचे रिअॅलिटी शो? सरांचा याच्याशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायला मला पुढचा तासभर लागणार आहे. पण थोडक्यात सांगतो. मी फिटर झालो नाही. मी टीव्हीत गेलो, संकलक झालो, आणि पंचवीस वर्षं दुसऱ्यांनी चित्रित केलेलं कापत राहिलो. त्यामुळे या मालिका मी दोन नजरांनी पाहिल्या. एक नजर सरांनी दिलेली, दुसरी माझ्या पोटापाण्याच्या धंद्याने. आणि त्या दोन नजरांचं माझ्या आत भांडण लागलं. ते भांडण आज तुमच्यासमोर मांडायचं आहे.

आधी घडलं काय ते सांगतो. २०१० ते २०१४ या काळात अमेरिकन केबल टीव्हीवर बंदुकांच्या कार्यक्रमांची लाट आली होती. २०१० मध्ये हिस्टरी चॅनलवर ‘टॉप शॉट’ सुरू झाला, ती नेमबाजीची स्पर्धा. २०११ च्या सुरुवातीला डिस्कव्हरीवर ‘सन्स ऑफ गन्स’ आला. लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज शहरात बंदुका बनवणारं आणि त्यांत फेरफार करून देणारं एक दुकान, मालक आणि त्याची मुलगी. त्याच वर्षी त्याच वाहिनीवर ‘अमेरिकन गन्स’ आला. कोलोरॅडोतलं डेन्व्हरच्या कुशीतलं व्हीट रिज हे गाव, तिथलं एक दुकान, आणि या वेळी अख्खं कुटुंब. नवरा, बायको, मुलगी, मुलगा.

आता एका भागाचा सांगाडा सांगतो. गिऱ्हाईक येतं. काहीतरी अचाट मागतं. मालक म्हणतो, होईल. तारीख ठरते, आणि ती हटकून अशक्य असते. कामगारांची तोंडं उतरतात. बाप-लेकीची खडाजंगी होते. यंत्राचा एक भाग काही केल्या बसत नाही. संगीत चढतं. जाहिराती लागतात. आपण परत येतो तेव्हा तो भाग बसलेला असतो. मग सगळी मंडळी मोकळ्या रानात जातात. समोर कलिंगडं, भंगारातल्या गाड्या, गोळी लागली की फुटणाऱ्या पावडरचे डबे. धमाका. तोच धमाका संथ गतीत. पुन्हा तोच धमाका, दुसऱ्या कोनातून. गिऱ्हाईक हसतं, मिठी मारतं, भाग संपतो.

मंडळी, माझा प्रश्न अगदी साधा आहे. तो भाग बसला कसा?

जाहिरातींच्या आधी बसत नव्हता, नंतर बसला. मधे कुणीतरी कानस हातात घेतली असणार. बारीक काजळी लावून तो कुठे अडतोय ते पाहिलं असणार. केसाइतकं घासलं असणार, पुन्हा लावून पाहिलं असणार, पुन्हा काढलं असणार. ते तास-दोन तास कुठे गेले? ते माझ्यासारख्या कुणीतरी कापले. मला ठाऊक आहे, कारण मीही ते केलंय.

फार वर्षांपूर्वी एका वाहिनीसाठी आम्ही हस्तकारागिरांवर मालिका केली होती. एक भाग पुण्याच्या तांबट आळीतला होता. एक वयस्क तांबट, आणि तांब्याच्या घंगाळावर त्यांचं मठारकाम चाललेलं. हातोडीचा एकेक ठोका आधीच्या ठोक्याला खेटून पडत होता. गोल पुरा झाला की भांडं जरासं फिरायचं आणि पुढचा गोल सुरू व्हायचा. छायाचित्रकार शहाणा होता. त्याने कॅमेरा न हलवता चाळीस मिनिटं ते टिपलं होतं. चाळीस मिनिटांत एकही ठोका चुकीच्या जागी पडलेला मला दिसला नाही. त्या चाळीस मिनिटांतले मी अकरा सेकंद ठेवले. आणि मुलगा धंद्यात येणार की नाही यावरून बापलेकांत जी दोन वाक्यं झाली होती, ती तीन ठिकाणी वापरली, संगीत घालून. वाहिनीने ते मागितलं होतं, हे खरं. पण कात्री माझ्या हातात होती, हेही खरं. भाग प्रसारित झाल्यावर त्या तांबटांचा मला फोन आला. ते म्हणाले, ‘भाऊ, भांडण छान दाखवलंत. काम राहिलं.’

ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. म्हणून बंदुकांच्या या मालिका पाहताना मी धमाक्याकडे पाहत नाही. मी शोधत राहतो, काम कुठे आहे?

आता कुणी म्हणेल, बंदुकीच्या कामात पाहण्यासारखं आहे तरी काय? ते मारण्याचं साधन आहे. मान्य. मला बंदुकीचं प्रेम नाही आणि मी आज तिची बाजू मांडायला उभा नाही. उलट, जी वस्तू एवढी घातक आहे, ती बनवणाऱ्याच्या हाताकडे तर आपण जास्त बारकाईने पाहायला हवं.

आणि ते पाहता येतं. एकदा पाहिलं गेलंही आहे. व्हर्जिनिया राज्यात विल्यम्सबर्ग नावाचं जुनं वसाहतकालीन गाव जपून ठेवलंय. तिथे अठराव्या शतकातले धंदे अठराव्या शतकातल्याच हत्यारांनी चालवले जातात. १९६९ मध्ये तिथल्या बंदूक-कारागिरावर, वॉलेस गस्लर यांच्यावर, एक माहितीपट निघाला. ‘गनस्मिथ ऑफ विल्यम्सबर्ग’. साधारण तासाभराचा. एक माणूस, एक भट्टी, आणि लोखंडाच्या पट्टीपासून सुरुवात करून पुरी होणारी, गारगोटीच्या ठिणगीवर चालणारी रायफल. भांडण नाही, तारीख नाही, गिऱ्हाईकाची मिठी नाही.

त्यातलं नळीचं काम तुम्हाला सांगतो, कारण सर असते तर त्यांनी तेवढंच पुन्हापुन्हा लावायला सांगितलं असतं.

नळी म्हणजे आपल्याला वाटतं, सळईला भोक पाडलं की झाली नळी. त्या काळी तशी ती होत नसे. लोखंडाची चपटी पट्टी भट्टीत लाल करायची आणि एका दांड्याभोवती हळूहळू वळवायची, केळीचं पान गुंडाळावं तशी. मग पट्टीच्या दोन्ही कडा एकमेकींत मुरवायच्या. त्यासाठी लोखंड एवढं तापवावं लागतं की ते जवळजवळ पांढरं दिसतं. थोडं कमी तापलं तर सांधा धरत नाही, थोडं जास्त तापलं तर लोखंड जळतं. आणि एका तापात फक्त चार बोटांची लांबी सांधून होते. चार बोटं झाली की नळी पुन्हा भट्टीत, पुन्हा ऐरणीवर. हातभरापेक्षा लांब नळी अशी चार-चार बोटांनी पुढे सरकते. एखादी जागा कच्ची राहिली आणि वरून ध्यानात आली नाही, तर ती पुढे कधीतरी कळणार. कुणाला कळणार? ज्याने ती बंदूक गालाला लावली असेल त्याला.

मग आतून नळी साफ करायची, आणि मग पीळ पाडायचे. नळीच्या आतल्या पीळदार खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते. त्या खाचा पाडायला लाकडाचा एक जाड दांडा असतो, त्यावर आधीच पीळ कोरलेला. दांडा ओढला की तो फिरत फिरत येतो आणि त्याच्या टोकाचं लहानसं पातं नळीत तसाच पीळ ओढतं. एका ओढीत किती लोखंड निघतं? नख घासल्यावर पडते तेवढी भुकटी. पातं जरा वर उचलायचं असेल तर त्याच्याखाली काय घालतात, माहीत आहे? कागदाचा कपटा. एक कपटा, मग काही ओढी. दुसरा कपटा, पुन्हा ओढी. अशी एकेक खाच. मागे आवाज पोचतोय ना? हे मला मागच्यांनाही ऐकवायचंय. कागदाच्या जाडीने लोखंड कापणारा माणूस पडद्यावर दिसतोय, आणि मी, ज्याने जन्मभर कंटाळवाणं म्हणून कापलं, खुर्चीच्या कडेला येऊन बसलोय.

कंटाळवाणं काय असतं, हे कोण ठरवतं? प्रेक्षक? प्रेक्षकाला विचारलंच कुणी नव्हतं.

आणि टीव्हीला हात दाखवताच येत नाहीत, असंही नाही. २०१५ मध्ये हिस्टरी चॅनलनेच ‘फोर्ज्ड इन फायर’ सुरू केला. पाती घडवणाऱ्या लोहारांची स्पर्धा, दहा हजार डॉलरचं बक्षीस. त्यातही घड्याळ आहे, त्यातही शेवटी तोडफोड आहे, आणि ती मला रुचत नाही. पण पात्याला पाणी देतानाचा क्षण ते कापत नाहीत. तापलेलं पातं तेलात जातं, बाहेर येतं, लोहार ते उजेडाकडे धरतो आणि तडा गेलाय का ते पाहतो. तडा गेला असेल तर तो दिसतो, त्याचं कारण सांगितलं जातं, आणि माणूस मान खाली घालून घरी जातो. सर खिडकीपाशी जे करायचे तेच हे. हे पाहायला प्रेक्षक आले, वर्षानुवर्षं येत राहिले. म्हणजे काम दाखवलं तर लोक पाहतात.

मग बंदुकीच्या दुकानातलं काम का नाही दाखवलं?

मला वाटतं, ते दाखवलं असतं तर सोबत आणखी एक गोष्ट दाखवावी लागली असती. नकार. या धंद्याचा गाभाच नकारात आहे. रायफलमध्ये काडतूस जिथे बसतं, तिथली खोली मोजायला गनस्मिथकडे पोलादाचे दोन ठोकळे असतात. एकाचं नाव गो, दुसऱ्याचं नो-गो. गो घातला की रायफलचा बोल्ट बंद झाला पाहिजे. नो-गो घातला की तो बंद होता कामा नये. शिकारीला सर्रास वापरतात त्या .३०८ विंचेस्टर काडतुसाच्या बाबतीत या दोन ठोकळ्यांच्या मापात फरक असतो एका इंचाच्या चार हजारांशांचा, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. नो-गोवर बोल्ट बंद झाला तर काडतुसाला मागे सैल जागा राहते, ती फार वाढली तर बार होताना पितळी पुंगळी फाटू शकते, आणि तापलेला वायू मागे येतो. मागे म्हणजे कुठे? डोळ्याकडे. अशी रायफल समोर आली की गनस्मिथचं काम एकच, ती परत करायची. गिऱ्हाईक कितीही रागावो, आजोबांची असो की लग्नातली भेट असो. ही चालवायची नाही.

हा प्रसंग गनस्मिथच्या आयुष्यात वारंवार येत असणार. पण मालिकेच्या सांगाड्यात तो बसतच नाही. मालिकेतला मालक म्हणतो, होईल. तो ‘नाही’ म्हणाला तर भाग तिथेच संपतो.

तसंच कागदाचं. अमेरिकेत बंदुका सहज मिळतात हे आपण ऐकत असतो आणि त्यात तथ्य आहे. पण बंदुकीचा धंदा करायला केंद्र सरकारचा परवाना लागतो. दुरुस्तीला आलेली बंदूक रात्री दुकानात राहणार असेल तर ती वहीत चढवावी लागते, कुणाकडून आली, कुणाकडे गेली. विकताना गिऱ्हाईकाकडून अर्ज भरून घ्यायचा, त्याची पार्श्वभूमी तपासून घ्यायची. स्वयंचलित बंदुकांचं तर आणखी कडक. १९ मे १९८६ नंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला घेताच येत नाही. चालतात त्या त्याआधी नोंदवलेल्या जुन्या, आणि त्यांच्यासाठीही सरकारी मंजुरीची वाट पाहावी लागते. म्हणजे दुकानदाराचा दिवसातला बराच वेळ वहीवर जातो. मालिकेत वही दिसते का? मला तरी मनात राहावी अशी कधी दिसली नाही. आणि ‘अमेरिकन गन्स’च्या त्या मालकाचं पुढे काय झालं? २०१७ मध्ये परवान्याशिवाय बंदुकांचा व्यापार आणि करांची लपवाछपवी यासाठी तो न्यायालयात दोषी ठरला आणि पुढच्या वर्षी त्याला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. जो कागद रटाळ म्हणून पडद्याबाहेर ठेवला गेला, नेमका त्या कागदावरच तो माणूस पडला.

‘सन्स ऑफ गन्स’चा शेवट याहून वाईट. २०१४ च्या ऑगस्टमध्ये त्या मालिकेच्या नायकाला लैंगिक अत्याचाराच्या आरोपाखाली अटक झाली, वाहिनीने मालिका तत्काळ बंद केली, आणि २०१७ मध्ये त्याला जन्मठेप झाली. एका माणसाच्या गुन्ह्याचा डाग त्याच्या धंद्यावर लावणं अन्यायाचं होईल, ते मी करणार नाही. मला बोलायचंय टीव्हीबद्दल. ज्या घरातलं प्रेम आणि भांडण आम्ही विकलं, त्या घरात काय चाललंय हे आम्हाला माहीत नव्हतं. कारण आम्ही त्या घरात भांडण शोधायला गेलो होतो, माणसं पाहायला नाही.

आता शौकिनांकडे येतो. या मालिकांमधला बंदूक-शौकीन कसा दिसतो? बहुतेक वेळा दांडगा पुरुष, मोठा आवाज, आणि मोठी बंदूक हवी हीच त्याची हौस. मोठ्यातली मोठी, वेगवानातली वेगवान. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत सुमारे ३२ टक्के प्रौढांनी स्वतःची बंदूक असल्याचं सांगितलं. त्यांतल्या ७२ टक्क्यांनी एक मोठं कारण दिलं स्वसंरक्षण. शिकार आणि नेमबाजीचा खेळ हे मोठं कारण सांगणारे प्रत्येकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. संग्रहाचा शौक म्हणणारे १५ टक्के. म्हणजे बहुतेकांच्या घरी बंदूक आहे ती हौसेपेक्षा भीतीपोटी. आता मला सांगा, या भीतीवर एक तरी मालिका आली का? रात्री खाट करकरली की उशाच्या खणाकडे हात जाणारी बाई, तिला आपण पाहिलं का? संग्राहक दिसला, धमाका दिसला. भीती दिसली नाही. भीती कॅमेऱ्याला मानवत नाही, कारण ती शांत बसलेली असते.

आणि खरे शौकीनही शांतच असतात, हे तर आपण महाराष्ट्रातले लोक जाणतो. बंदुकीशी आपला संबंध मुख्यतः दोन ठिकाणी येतो. एक कोकणात, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. रानडुकरं आणि माकडं यांच्यासाठी भिंतीला टांगलेली बंदूक, जी निवडणूक लागली की अनेकदा पोलीस ठाण्यात जमा होते आणि निकालानंतर परत येते. दुसरा कोल्हापुरात. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीत जागतिक विजेती झाली. स्वप्नील कुसाळे, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, त्याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ केवढं असतं? १०.४ मिलिमीटर. जेमतेम आपल्या करंगळीच्या नखाएवढं. आणि ते पन्नास मीटरवर. ती अंतिम फेरी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. काय पाहिलं आपण? श्वास सोडणारा माणूस. बंदूक खांद्याला लावून, काही वाटलं नाही म्हणून परत खाली घेणारा माणूस. मारायचंच नाही असं ठरवणारा माणूस. तो नकारही आपण श्वास रोखून पाहिला. त्यासाठी कुणाला कलिंगड फोडावं लागलं नाही.

न्यायाने बोलायचं तर ‘टॉप शॉट’ यात थोडा वेगळा. पाच पर्वं चाललेल्या त्या स्पर्धेत जुन्या रायफली होत्या, धनुष्यबाण होते, फेकायचे सुरे होते, आणि निकाल नेमावर लागायचा. वेगवेगळ्या पेशांतली माणसं तिथे आली. त्यांच्यात कोण हात स्थिर ठेवतो ते दिसायचं. पण त्यांना एका घरात कोंडून कुणाला बाद होण्याच्या लढतीत पाठवायचं ते मतांनी ठरवायला लावलं, आणि तिथे पुन्हा कुरघोड्या सुरू झाल्या. नेम धरणाऱ्याला शत्रू लागतो, असं टीव्हीला वाटतं. नेम धरणाऱ्याला विचारा, तो सांगेल, त्याचा शत्रू म्हणजे त्याच्याच मनगटातली थरथर.

आता एका तारखेकडे येतो. १४ डिसेंबर २०१२. कनेक्टिकट राज्यातलं न्यूटाउन, सँडी हूक प्राथमिक शाळा. वीस मुलं आणि सहा मोठी माणसं गोळीबारात गेली. त्यानंतर काही दिवसांतच डिस्कव्हरीने ‘अमेरिकन गन्स’ बंद केली. दुःखाच्या त्या दिवसांत धमाका दाखवणं शोभलं नसतं, हे तर उघड आहे. बंद केली ते बरंच केलं. पण मी संकलक म्हणून विचारतो, त्या मालिकेत असं काय होतं जे १३ डिसेंबरला शोभत होतं आणि १५ तारखेला शोभेनासं झालं? बंदूक तीच होती. दुकान तेच होतं. बदललं ते एवढंच की धमाका ऐकताना लोकांना आता मुलं आठवू लागली. बंदुकीने माणूस मरतो ही गोष्ट त्या मालिकेत कधी होतीच कुठे? म्हणून तर एका सकाळी ती गोष्ट बाहेरून आत शिरली आणि मालिकेला उभं राहायला जागा उरली नाही. त्याच मालिकेत नो-गो असता, वही असती, परत पाठवलेली बंदूक असती, तर त्या दुःखाच्या दिवसांतही ती दाखवता आली असती. कदाचित त्या दिवसांत ती जास्तच पाहिली गेली असती.

आणि आता मी तुम्हाला त्या दुकानाची गोष्ट सांगणार आहे, ज्यावर एकही मालिका निघाली नाही.

न्यू हॅम्पशायर हे अमेरिकेच्या ईशान्येतलं लहान राज्य. २००९ मध्ये तिथल्या एका बंदुकीच्या दुकानातून एका आठवड्याच्या आत तीन माणसांनी बंदुका विकत घेतल्या. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तिन्ही विक्री कायद्याने चोख. आणि तिघांनीही काही तासांतच त्याच बंदुकीने आयुष्य संपवलं. दुकानदाराला हे कळवलं गेलं. तो काय करू शकला असता? कागद बरोबर होते, तपासणी पार पडली होती. ‘माझी चूक नाही’ म्हणून तो गल्ल्यावर बसू शकला असता, आणि कुणी त्याला बोल लावला नसता. तो बसला नाही. तो आणि इतर काही दुकानदार, नेमबाज आणि आत्महत्या रोखण्यासाठी काम करणारे सार्वजनिक आरोग्याचे लोक, जे एरवी एकमेकांशी बोलतही नसतील, ते एका टेबलाभोवती बसले. त्यांनी दुकानदारांसाठी सूचनांचा एक कागद बनवला. दर्शनी भागात लावायला भित्तीपत्रकं बनवली, मदतीच्या दूरध्वनीची. राज्यातल्या दुकानांना ती पाठवली, आणि पुढे पाहणी केली तेव्हा जवळजवळ निम्म्या दुकानांत ती लावलेली दिसली.

यामागची गरज आकड्यांवरून कळते. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यांतल्या ५४ टक्के आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त, मंडळी. आपण टीव्हीवर पाहतो ते दरोडेखोर आणि माथेफिरू. पण निम्म्याहून जास्त वेळा बंदूक स्वतःकडेच वळलेली असते.

त्या सूचनांच्या कागदात काय आहे? गिऱ्हाईकाकडे कसं पाहायचं ते आहे. नुकतीच नोकरी गेली, घटस्फोट झाला असं बोलण्यात येतंय का? घाई आहे का? काडतुसं फार नकोत, थोडीच पुरेत, असं म्हणतोय का? आणि एक सूचना वाचताना मी थांबलो. बंदुकीची निगा कशी राखायची, ती साफ कशी करायची, यात गिऱ्हाईकाला काहीच रस नाही का?

तेल कुठलं लावू, गंज चढणार नाही ना, हे विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुढचा पावसाळा आहे. ज्याला विचारायचंच नाही, त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा उद्याही नाही. आणि हे कुणाला कळणार? ज्याने आयुष्यभर बंदुकांना तेल दिलंय त्यालाच. गल्ल्याच्या पलीकडून तो म्हणतो, आज नको, उद्या या. घरच्या कुणाला घेऊन या. विक्री हातची जाते. आवाज कुठलाच होत नाही.

मला कुणी कॅमेरा दिला असता तर मी तो त्या गल्ल्यावर लावून ठेवला असता. एकच कोन. तासभर. आणि त्यातला एकही सेकंद मी कापला नसता.

बंदुका बनवायला शिकवणारी एक शाळा कोलोरॅडोत लेकवूडला आहे, १९४७ पासूनची, महायुद्धावरून परतलेल्या पिढीच्या काळातली. ‘अमेरिकन गन्स’च्या दुकानाच्या अगदी शेजारचं गाव. तिथे मुलं बाकावरचं धातुकाम शिकतात, लेथ शिकतात, दस्ता बनवायला शिकतात, यंत्रणा उलगडून दुरुस्त करायला शिकतात. मी तिथे गेलेलो नाही. पण कुठल्यातरी खिडकीपाशी एक शिक्षक उभा असेल आणि तो काहीतरी उजेडाकडे धरत असेल, याबद्दल मला शंका नाही. चित्रीकरणाच्या गाड्या थेट शेजारच्या गावच्या दुकानात गेल्या. या शाळेवरून गेल्या असतील.

मी बोललो ते पुरे. एक वस्तू सोबत आणली आहे. सरांच्या माघारी काकूंनी कपाटातून काढून मला दिली. पोलादाचा वीतभर दांडा, दोन्ही टोकं गोल. हा भोकं तपासायचा प्लग गेज. एका टोकावर गो लिहिलंय, दुसऱ्यावर नो-गो, आणि त्या टोकाला लाल रंगाचा पट्टा आहे. पट्टा सरांनी स्वतः मारलेला, ब्रश जिथे थांबला ती जागा अजून दिसते. गो टोक गुळगुळीत झालंय, हजारो भोकांतून गेलंय ते. नो-गो टोकावर मात्र यंत्रावरून निघाल्यावरची कातीव रेघ जशीच्या तशी आहे. म्हणजे सरांच्या मुलांच्या भोकांत ते क्वचितच शिरलं.

मी हा पहिल्या रांगेतून फिरवतो. काकू, तुमच्यापासून सुरुवात करू. लाल टोकाला घामाची बोटं लावू नका, गंज धरतो. शेवटच्या रांगेत ज्यांच्या हातात येईल, त्यांनी तो फडक्याने पुसून मंचावर आणून द्यावा.